विषाणूला चेहरा देऊ नका

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
पुणे.



प्राणिशास्त्र शिकविण्यात जिथे माझे उभे आयुष्य गेले त्या चेन्नई शहरातून मी हे पत्र लिहीत आहे, आणि ते लखोट्यात बंद न करता जाहीरपणे लिहिते आहे याचे कारण असे की, ज्या बाबीसंबंधी ते आहे ती केवळ आपल्या मंडळाच्या अखत्यारीतली नसून मराठीतून विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक घराची आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत अलीकडे क्यूआर कोड छापलेला असतो. मूल त्यावर घरातला मोबाइल धरते आणि पुस्तकातल्या स्थिर आकृतीपासून पडद्यावरच्या हलत्या चित्रापर्यंत क्षणात जाऊन पोहोचते. ही तरतूद झालीच आहे, तर विषाणू पेशीच्या आत आपल्या प्रती कशा निर्माण करतो हा विषय मुलांना ॲनिमेशनच्या साहाय्याने मराठीतून शिकवावा, आणि तो शिकविताना विषाणूला डोळे, दात व हसू देऊ नये, एवढीच माझी विनंती आहे. तिचे कारण मात्र थोडे विस्ताराने सांगावे लागेल.

मागच्या दिवाळीत माझ्या भाचीचा चौदा वर्षांचा मुलगा सांगलीहून सुटीसाठी आमच्याकडे आला होता. दुपारी झोपाळ्यावर बसून तो मोबाइलवर असेच एक चित्र पाहत होता. त्यात पेशी म्हणजे एक किल्ला होता, पांढऱ्या पेशी म्हणजे भालाईत, आणि विषाणू म्हणजे लाल डोळ्यांचा एक जांभळा गोळा, जो दरवाजा फोडून आत शिरताना मोठ्याने हसत होता. मुलाने चित्र थांबविले आणि मला विचारले, "आजी, हा ठरवून मारतो का गं?" मी म्हटले, नाही रे, त्याला ठरवायला मेंदू कुठला? "मग तो हसतो कशाला?" या प्रश्नावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्याने ते चित्र काढले त्याचा हेतू वाईट नसणार. मुलांचे मन रमावे म्हणूनच त्याने ते हसू काढले असेल. परंतु त्या एका हसण्याने विषाणूविषयीची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे त्याला हेतू नाही ही गोष्ट, खोटी पाडली होती.

हे मला इतके का लागले, हे समजण्यासाठी आपल्याला माझ्याबरोबर १९८६ च्या मद्रासमध्ये यावे लागेल. भारतातील पहिले एचआयव्हीबाधित रक्तनमुने याच शहरात सापडले, आणि ज्यांच्या मार्गदर्शनाखाली ते सापडले त्या डॉ. सुनीती सॉलोमन या मूळच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या एका महाराष्ट्रीय घराण्यातील कन्या, ही गोष्ट महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत असताना त्यांनी डॉ. सेल्लप्पन निर्मला या आपल्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी एचआयव्हीच्या तपासणीचा विषय सुचविला. त्या वेळी हा रोग परदेशातला, आपल्याकडे तो असणेच शक्य नाही, असा सर्वसाधारण समज होता. निर्मलाबाईंनी ऐंशीच्या आसपास नमुने गोळा केले. ते ठेवण्यास योग्य सोय नसल्याने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. आणि मद्रासमध्ये या चाचणीची व्यवस्था नव्हती म्हणून बर्फाच्या पेटीतून रात्रीच्या गाडीने काटपाडीला व तेथून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. तेथे चाचणीच्या खाचांमधील सहा नमुने पिवळे पडले. पुढे अमेरिकेत फेरतपासणी झाली, निष्कर्ष कायम राहिला, आणि विधानसभेत त्याची घोषणा करावी लागली.

ज्या स्त्रियांच्या रक्तात तो विषाणू निघाला त्या एका निरीक्षणगृहात ठेवलेल्या गरीब स्त्रिया होत्या, आणि समाजाने त्या क्षणापासून विषाणू व त्या स्त्रिया यांच्यात भेद करण्याचे नाकारले. सुनीतीबाईंचे पुढचे तीस वर्षांचे आयुष्य हा भेद लोकांना शिकविण्यात खर्ची पडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावे वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र स्थापन केले. रुग्णांवर उपचार केले, त्यांच्या कुटुंबीयांची समजूत घातली, आणि बाधित तरुण-तरुणींची एकमेकांशी लग्ने जुळविण्याचे कामही अंगावर घेतले. २०१५ साली त्या गेल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

त्या काळातली एक आठवण मी आजवर कोठे लिहिलेली नाही. आमच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केलेला एक परिचर, ज्याच्या हातून धुतलेल्या काचपट्ट्यांवर माझ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या पेशी पाहायला शिकल्या, तो नव्वदीच्या दशकात एका रुग्णालयात दाखल झाला. मी भेटायला गेले तेव्हा त्याच्या खाटेच्या डोक्याशी लाल शाईने काहीतरी लिहिलेले होते, आणि जेवणाचे ताट आणणाऱ्याने ते उंबऱ्याशी ठेवून पायाने आत सरकविले. ताट सरकताना फरशीवर सांबार सांडले. त्याची बायको पदराने ते पुसू लागली. त्याने मला तमिळमध्ये विचारले, "अम्मा, माझ्या आत असं काय आहे की हे लोक भितात?" माझ्या पिशवीत एक जुने पाकीट होते. त्याच्या पाठीमागे मी पेन्सिलीने एक मोठे वर्तुळ काढले, ही पेशी. तिच्या कडेला एक ठिपका काढला, हा विषाणू. तो बराच वेळ त्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "एवढंच?" ते पाकीट त्याने उशीखाली ठेवले.

त्या ठिपक्याला मी तोंड काढले असते, सुळे काढले असते, तर त्याने ते पाकीट उशीखाली ठेवले असते का? एखाद्या रोगाला राक्षसाचा चेहरा दिला की तो चेहरा रोगावरच थांबत नाही. पेशी दिसत नाही, विषाणू दिसत नाही, दिसतो तो समोरचा माणूस, आणि मग तो चेहरा त्या माणसाला चिकटतो. चेन्नईत मी हे एकदा नव्हे, दोनदा पाहिले: एचआयव्हीच्या वेळी आणि पुन्हा २०२० साली, जेव्हा कोरोनाने गेलेल्या एका डॉक्टरांच्या दफनाला याच शहरात जमावाने दगडफेक करून विरोध केला.

आता प्रत्यक्ष विषयाकडे येते. दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आरंभीच आपण प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण हे तीन शब्द मुलांना देता. डीएनएवरील मजकुराची आरएनएच्या रूपात नक्कल होणे म्हणजे प्रतिलेखन, आणि त्या नकलेवरून रायबोसोमवर प्रथिन घडणे म्हणजे भाषांतरण. माझ्या मते मराठी परिभाषेतील ही अत्यंत सुदैवी निवड आहे, कारण पेशी हे जणू एक दफ्तर आहे आणि विषाणू म्हणजे त्या दफ्तरात येऊन पडलेला एक परका कागद, हे चित्र त्या शब्दांतच तयार आहे. कारकून कागद कोणाचा हे पाहत नाही. समोर आला त्याची नक्कल करतो. आणि कागदाला राग नसतो, लोभ नसतो, घाई नसते. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी लिपीतील कागदपत्रांचे रुमाल ज्याने पाहिले असतील त्याला ही उपमा सहज पटेल.

एचआयव्हीचा हा कागद फक्त सुमारे ९,७०० अक्षरांचा असतो. आपल्या प्रत्येक पेशीतील मूळ संहिता सुमारे तीनशे कोटी अक्षरांची. विषाणूच्या बाह्य आवरणावरील एक प्रथिन टी प्रकारच्या पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील सीडी४ नावाच्या रेणूला आणि पाठोपाठ दुसऱ्या एका ग्राहकाला चिकटते, दोन आवरणे एकजीव होतात, आणि शंकूच्या आकाराची एक कुपी आत उतरते. कुपीत आरएनएच्या दोन प्रती असतात. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर, ज्याचा शोध हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली स्वतंत्रपणे लावला, त्या आरएनएवरून डीएनए घडविते. आपल्या दहावीच्या पाठाचा क्रम येथे उलटा होतो, आणि पाठ नीट शिकलेल्या मुलाला याच ठिकाणी आश्चर्याचा धक्का बसला पाहिजे. हे विकर आपली नक्कल मुळाशी ताडून पाहत नाही. चुका राहतात, आणि त्या चुकांतूनच पुढे औषधाला दाद न देणारे विषाणू निपजतात. तयार झालेला डीएनए दुसरे विकर पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये सांधून टाकते. त्यानंतर तो कागद परका राहत नाही, दफ्तराच्या मूळ बाडातच शिवला जातो. पेशी आपल्या नेहमीच्या पद्धतीने त्याचे प्रतिलेखन करते, भाषांतरण करते, आणि निघालेली प्रथिने पेशीच्या आवरणापाशी जमून नव्या कळ्या फुटतात. कळी सुटून बाहेर पडल्यावर प्रोटीएज हे विकर आतल्या लांब प्रथिनाचे तुकडे करते, तेव्हा कुठे ती कुपी शंकूचा आकार घेते आणि विषाणू संसर्गक्षम होतो.

हे सारे वर्गात खडूने शिकविता येते. मी तीस वर्षे शिकविले. परंतु ज्या गोष्टी खडूने कधीही सांगता आल्या नाहीत, त्यांसाठी मला ॲनिमेशन हवे आहे. पहिली गोष्ट प्रमाणाची. टी पेशी सात मीटर लांबीच्या वर्गखोलीएवढी मोठी केली, तर त्याच मापाने हा विषाणू सोललेल्या नारळाएवढा होतो आणि रायबोसोम सुपारीएवढा. ती खोली मात्र रिकामी नसते. जमिनीपासून छतापर्यंत ती प्रथिनांनी, पाण्याने, तंतूंनी इतकी गच्च भरलेली असते की पुस्तकातल्या आकृतीतली ती मोकळी निळी जागा पाहून मुलाला पेशीची कल्पनाच चुकीची येते. अमेरिकेतील डेव्हिड गुडसेल यांनी जलरंगात अशा गर्दीने भरलेल्या पेशी काढून दाखविल्या आहेत, आणि युटा विद्यापीठातील जॅनेट इवासा यांनी एचआयव्हीचा पेशीतला प्रवास ॲनिमेशनमध्ये आणला आहे. हे काम होऊ शकते हे सिद्ध झालेले आहे. ते मराठीत व्हावयाचे आहे.

दुसरी गोष्ट यदृच्छेची, आणि हीच सांगण्यास सर्वांत कठीण. पेशीत कोणी कोणाकडे चालत जात नाही. सगळे रेणू सतत धक्के खात, भरकटत, एकमेकांवर आपटत असतात, आणि हजारो निरर्थक धडकांनंतर एखादी धडक योग्य जागी बसते. २००६ साली हार्वर्ड विद्यापीठासाठी तयार झालेला 'द इनर लाइफ ऑफ द सेल' हा प्रसिद्ध ॲनिमेशनपट मी विद्यार्थ्यांना पुष्कळदा दाखविला. त्यातील प्रथिन एका दोरावरून भारा घेऊन शांतपणे पावले टाकीत जाते ते दृश्य विलक्षण सुंदर आहे, परंतु पाहणाऱ्याला वाटते की त्याला आपले गाव ठाऊक आहे. ते धक्के, ते मागे सरकणे, ती गर्दी दृश्यातून काढून टाकलेली आहे. चित्रकाराला निवड करावीच लागते हे मला मान्य आहे. मात्र काय काढून टाकले हे मुलांना सांगितले पाहिजे.

माझ्या घरी एक काचेची बरणी आहे. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेचे आर्थर ओल्सन यांनी पोलिओच्या विषाणूवरून एक प्रतिकृती तयार केली: बारा एकसारखे पंचकोनी तुकडे, कडांना लोहचुंबक. तसे तुकडे करवून घेऊन मी ते बरणीत ठेवले आहेत. भाचीच्या मुलाच्या हाती ती बरणी दिली आणि हलवायला सांगितले. तुकडे खडखडले, दोन चिकटले, सुटले, तीन चिकटले, पुन्हा सुटले. तो कंटाळला, मी म्हटले हलवत राहा. हात दुखू लागल्यावर त्याने बरणी मांडीवर घेतली. मग एकदम चार तुकड्यांची वाटी तयार झाली, तिला पाचवा लागला, आणि पुढच्या काही झटक्यांत बरणीत एक बंद चेंडू गडगडू लागला. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "पण मी तर काहीच केलं नाही. नुसतं हलवलं." त्या जांभळ्या गोळ्याच्या हसण्याने जे बिघडविले होते, ते या वाक्याने दुरुस्त झाले.

आपले ॲनिमेशन त्या बरणीसारखे असावे. त्यात अपयश दिसावे: पेशीजवळून निघून गेलेले विषाणू, चिकटून सुटलेले विषाणू, आत उतरूनही वाटेत नष्ट झालेल्या कुप्या, कारण बाहेर पडलेल्या विषाणूंपैकी फार थोडे पुढचा संसर्ग घडवितात. काळ दिसावा: पडद्यावर जे तीन मिनिटांत उरकते त्याला प्रत्यक्षात एक ते दोन दिवस लागतात, आणि कोपऱ्यातले एक लहानसे घड्याळ हे सहज सांगू शकेल.

शिवाय अशा चित्रावर सनावळी असावी. कालपरवापर्यंत आम्ही सर्वजण असे शिकवीत आलो की, शंकूची कुपी केंद्रकाबाहेरच फुटते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासात ती कुपी अखंड अवस्थेत केंद्रकाच्या छिद्रातून आत जाताना दिसली, आणि जुनी चित्रे एका दिवसात जुनी झाली. पुस्तकातली चुकीची ओळ पुढच्या आवृत्तीत बदलता येते. चित्र मात्र मनात हलत राहते आणि सहज पुसले जात नाही. सबब, ज्या क्षणी शास्त्रज्ञांत मतभेद आहे तो क्षण चित्रात अस्पष्ट, धूसर ठेवावा, अशी माझी शिफारस आहे.

गतीतून आकार कळतो, याचा सर्वांत सुंदर दाखला याच शहरात घडलेला आहे. १९५२ साली मद्रास विद्यापीठात आलेल्या जी. एन. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासह अड्यारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळालेल्या कोलॅजेनवर काम करून १९५४ साली त्याची तिपेडी रचना मांडली. पेड स्वतःभोवती व एकमेकांभोवती कसे वळत असतील हे कोडे सुटत नव्हते. पृथ्वीभोवती फिरताना चंद्र आपली एकच बाजू आपल्याकडे ठेवतो, या गतीच्या विचारातून त्यांना वाट सापडली. ज्या शास्त्रज्ञाने पुढे १९६३ साली प्रथिनांच्या वळणांचा जगप्रसिद्ध आलेख दिला, त्यालाही स्थिर आकृती पुरली नव्हती. मग आमच्या दहावीच्या मुलाला ती कशी पुरेल?

विज्ञान दृश्यरूपात मांडणे मराठीला परके नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणण्यापूर्वी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चौकटीने टिपून 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला, आणि तो दाखवून भांडवल मिळविले. चित्रपटाच्या धंद्यावर मराठी माणसाचा विश्वास प्रथम बसला तो जीवशास्त्राच्या एका चलच्चित्रामुळे. त्याच्याही शंभर वर्षे आधी तंजावरात सरफोजी राजे भोसले यांनी, ज्यांनी नेत्ररुग्णांच्या नोंदींबरोबर त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढवून ठेवली, 'देवेंद्र कोरवंजी' हे मराठी नाटक रचून त्यात भविष्य सांगणाऱ्या कोरवंजीच्या तोंडी जगाचा नवा भूगोल घातला. तमिळ भूमीत, मराठी भाषेत, नृत्यगीताच्या द्वारे विज्ञान. तेव्हा ॲनिमेशनचा निवेदक मराठीच असावा, कृत्रिम भाषांतरित मराठी बोलणारा नसावा, आणि दहावीच्या पाठातले तेच शब्द त्याच्या तोंडी यावेत, हे मी आग्रहाने मागते ते या परंपरेच्या बळावर.

आणखी एक मागणे. या प्रवासातल्या अनेक पायऱ्या या एकेका औषधाच्या जागा आहेत, आणि हे दाखविल्याशिवाय चित्र अपुरे राहील. उलट प्रतिलेखन अडविणारे एझेडटी १९८७ साली आले, प्रोटीएज अडविणारी औषधे १९९५ पासून, सांधणारे विकर अडविणारे २००७ साली, आणि कुपीलाच जखडणारे लेनाकॅपाविर २०२२ साली. चित्र त्या त्या जागी थांबावे आणि एक लहान रेणू येऊन विकराच्या खाचेत बसताना दिसावा. १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने ही औषधे मोफत देण्यास आरंभ केला, त्या पहिल्या मोजक्या रुग्णालयांत चेन्नईचे तांबरम होते. आज नियमित औषध घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत सापडेनासे झाले, की तिच्यापासून जोडीदाराला लैंगिक मार्गाने संसर्ग होत नाही, हे मोठ्या अभ्यासांनी सिद्ध केले आहे. तीही पेशी पडद्यावर दिसली पाहिजे: कागद बाडात शिवलेला, आणि कळ्या फुटायच्या थांबलेल्या. आमचा परिचर २००४ पाहू शकला नाही.

मसुदा लिहिण्याचे काम मी विनामोबदला करीन. दहावीच्या पाठाच्या क्रमाने निवेदनाची पहिली बारा पाने तयार आहेत. ती भाचीच्या मुलाने वाचून जिथे अडले तिथे पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, आणि त्या खुणा मी पुसलेल्या नाहीत. आपल्या विज्ञान विषय समितीने वेळ दिल्यास मी स्वखर्चाने पुण्यास येईन व बरणी बरोबर आणीन.



आपली नम्र,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका
चेन्नई